कोपराचा स्थानभ्रंश : क्ष-किरण निदान

कोपराच्या सांध्यातील हाडांची टोके परस्परांपासून सुटून जागेवरून ढळणे यास कोपराचा स्थानभ्रंश (कोपर निखळणे) म्हणतात. प्रौढांत मोठ्या सांध्यांपैकी खांद्याच्या खालोखाल हा सांधा निखळतो. पसरलेल्या हातावर पडणे हे नेहमीचे कारण असून बहुसंख्य रुग्णांत अग्रबाहूची दोन्ही हाडे दंडाच्या हाडामागे (भुजास्थीमागे) सरकतात.

वाकवलेल्या कोपराचे टोक व दोन्ही बाजूंचे उंचवटे यांचा त्रिकोण होतो. स्थानभ्रंशात तो बिघडतो. भुजास्थी कोपराच्या लगेच वर मोडल्यास सामान्यतः कायम राहतो. सुजेमुळे हा फरक हाताला कळत नाही, म्हणून क्ष-किरण चित्र आवश्यक ठरते. तत्पूर्वी मनगटाची नाडी, बोटांची संवेदना व हालचाल तपासतात.

क्ष-किरण परीक्षा : समोरून व बाजूने अशी दोन चित्रे घेतात. बाजूच्या चित्रासाठी कोपर ९०° वाकवतात. वेदना असल्यास हात बळाने हलवीत नाहीत. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या (अरास्थीच्या) मानेतून काढलेली रेषा प्रत्येक चित्रात भुजास्थीच्या खालच्या टोकावरील बाहेरील गोलसर भागातून जावयास हवी. तशी ती न गेल्यास अरास्थीचे डोके निखळल्याचे समजतात. अशा वेळी अग्रबाहूचे पूर्ण चित्रही घेतात; कारण करंगळीच्या बाजूचे हाड मोडून अरास्थीचे डोके निखळण्याचा प्रकार (वर्णन : मोंतेज्जा, १८१४) केवळ मोडलेल्या हाडाकडे पाहिल्यास नजरेतून सुटतो. लहान मुलांत हाडांची टोके कूर्चेची असल्याने ती चित्रात दिसत नाहीत. आतील उंचवट्याचे अस्थिकेंद्र सुमारे पाचव्या वर्षी, तर त्याच्या लगतच्या सांध्याच्या भागाचे सुमारे नवव्या वर्षी दिसू लागते. दुसरे दिसून पहिले न दिसल्यास, तुटलेला उंचवटा सांध्यात अडकल्याची शंका घ्यावी लागते. दुसऱ्या कोपराचे चित्र तुलनेस उपयोगी पडते.

सांधा बसविल्यावर पुन्हा चित्र घेऊन हाडांची जुळणी व अडकलेले तुकडे पाहतात. शंका राहिल्यास संगणकीय छेदचित्रण करतात.

महाराष्ट्रात अनेक रुग्ण प्रथम हाडवैदाकडे जातात. चित्राविना सांधा ओढल्यास न दिसलेला अस्थिभंग सरकू शकतो व तंत्रिका किंवा रोहिणीस इजा होऊ शकते. जोराच्या मालिशीने स्नायूंत हाड तयार होऊन कोपर कायमचे आखडण्याचा धोका असतो. निखळलेला सांधा कित्येक आठवडे तसाच राहिल्यास बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.