मुक्या जिवाचे औषधपाणी केव्हा थांबवावे?

पूर्वी घरच्या कुत्र्यास कर्करोग झाला तर कोणास काही ठरवावे लागत नसे. रोगाचे नाव कळण्यापूर्वीच ते जनावर अन्न टाकी, जिन्याखाली अथवा अंगणाच्या कोपऱ्यात आडोसा धरी, आणि थोड्याच आठवड्यांत घरच्या मंडळींस ते गेल्याचे कळे. आज ती स्थिती राहिलेली नाही. मनुष्यास जी औषधे देतात त्यांतील कित्येक कुत्र्यांसही देणारे पशुवैद्य मुंबईत आहेत. परंतु जेथे उपाय आला तेथे दोन प्रश्नही आले : उपाय करावा की न करावा, आणि केला तर कोठवर करावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रेम तत्काळ देते. दुसऱ्यापाशी तेच प्रेम अडखळते. या दुसऱ्या प्रश्नाचा आज थोडा विचार करावा, असा आमचा मानस आहे.

या शहराने पूर्वी एका कुत्र्याच्या कर्करोगाचा शोक जाहीरपणे केलेला आहे. १९९३ च्या मार्च महिन्यात मुंबईत बॉम्बस्फोट झाले, त्या काळात पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील 'झंजीर' नावाच्या लॅब्रेडॉर कुत्र्याने ३,३२९ किलो आर.डी.एक्स., ६०० डेटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे हुडकून काढली. त्याच्या नाकाने किती माणसे वाचली, याची गणती करणे शक्य नाही. पुढे त्यास हाडाचा कर्करोग झाला व नोव्हेंबर २००० मध्ये, नववे वर्ष चालू असता, तो निवर्तला. पोलीस खात्याने त्यास मानवंदना देऊन निरोप दिला. हाडाच्या या रोगाचा स्वभावच असा आहे की, पायावर सूज दिसते तोवर त्याचे सूक्ष्म कण बहुतेक वेळा फुप्फुसापर्यंत पोहोचलेले असतात. पाय कापला आणि त्यावर औषधे दिली तरी साधारणतः दहा-बारा महिन्यांचाच काळ हाती लागतो. ज्या जिवाचे उपकार साऱ्या शहराने मानले त्याच्याही बाबतीत हा नियम शिथिल झाला नाही.

आमच्या प्राचीन वैद्यकाने रोगांचे जे वर्गीकरण केले आहे ते या ठिकाणी फार उपयोगी पडते. काही रोग साध्य, काही कष्टाने साध्य, काही याप्य आणि काही सर्वथा असाध्य होत. यांतील 'याप्य' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. जो रोग बरा होत नाही, परंतु उपचार चालू आहे तोवर आवरून धरता येतो, तो याप्य. कललेल्या घरास टेकू द्यावा तसा हा उपचार होय, असा दृष्टांत जुन्या ग्रंथकारांनी दिला आहे. टेकू लावल्याने घर नवे होत नाही; मात्र आत राहणाऱ्यांस काही काळ सुखाने राहता येते. उपचार थांबवावा की नाही, याचा निर्णय करण्यापूर्वी आपल्या कुत्र्याचा रोग यांपैकी कोणत्या वर्गातला, हे वैद्यास स्पष्ट विचारावे.

कर्करोग हे नाव ऐकताच धीर सोडणे हेही बरे नव्हे. आपल्या गल्ल्यांतील कुत्र्यांत जननेंद्रियांवर होणारी एक गाठ पुष्कळ आढळते. ती समागमातून एका कुत्र्यापासून दुसऱ्यास लागते. ही गाठ एका जनावरातून दुसऱ्यात रुजविता येते, हे नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने १८७६ मध्येच दाखवून दिले होते. आठवड्यास एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीनची चार-सहा इंजेक्शने दिली असता ती बहुतेक जनावरांत समूळ नाहीशी होते. हा रोग साध्य आहे, आणि येथे दोन उलट्यांना भिऊन उपचार अर्ध्यावर टाकणे ही चूकच होईल. गंमत अशी की, हे व्हिन्क्रिस्टीन आपल्या तुळशीवृंदावनाच्या कडेस फुलणाऱ्या सदाफुलीपासून काढतात. अमेरिकेत त्यास १९६३ मध्ये मान्यता मिळाली.

याच्या उलट लसीका-ग्रंथींचा कर्करोग, ज्यास लिम्फोमा म्हणतात. कुत्र्यांस ज्या कर्करोगांवर रसायनोपचार, म्हणजे केमो, देतात त्यांत हा प्रमुख होय. गळ्याखाली व गुडघ्यामागे लिंबाएवढ्या गाठी हातास लागतात आणि जनावर बहुधा हिंडते-फिरते असते. काहीच न केल्यास ते चार ते सहा आठवडे जगते. सदाफुलीचे व्हिन्क्रिस्टीन, मस्टर्ड वायूच्या कुळातील सायक्लोफॉस्फामाइड, लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन या चार औषधांचा क्रम सुमारे पाच-सहा महिने देतात. त्याने शंभरांपैकी ऐंशी ते नव्वद कुत्र्यांच्या गाठी विरघळतात. एका जातीच्या लिम्फोमात साधारण एक वर्ष, तर दुसऱ्या जातीत सहा ते नऊ महिने आयुष्य मिळते. दोन वर्षे काढणारे चार-पाचांत एक. म्हणजे हा रोग अगदी शब्दशः याप्य आहे.

येथे मनुष्य आणि कुत्रा यांच्या उपचारांतील भेद समजून घेतला पाहिजे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, एखादा तरुण रोगी सहा महिने दारुण यातना सोसतो, त्या पुढील चाळीस वर्षांच्या आशेने. ती आशा त्यास ठाऊक असते व त्या यातनांस त्याची संमती असते. त्याच परळात १८८६ पासून मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे आणलेल्या कुत्र्यास पुढील वर्ष म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्यास आजचे ऊन, आजची पोळी आणि आज दारात वाजलेले पाऊल एवढेच कळते. म्हणूनच कुत्र्यास ही औषधे बेताच्या मात्रेत देतात. बहुतेकांचे केस गळत नाहीत, आणि रुग्णालयात ठेवण्याइतका त्रास विसांत सुमारे एकासच होतो. या उपचाराचा हेतू बरे करणे हा नसून बरे दिवस देणे हा आहे. हा हेतू एकदा मनात ठसला की थांबण्याची खूणही त्यातच सापडते : जो उपचार बऱ्या दिवसांसाठी आरंभिला, तो बरे दिवस देईनासा झाला म्हणजे त्याचे कारण संपले.

तत्त्व सोपे आहे, आचरण कठीण. गेल्या वर्षी विक्रोळीच्या कन्नमवार नगरातील एका परिचित कुटुंबावर हाच प्रसंग आला. इमारत जुनी, लिफ्ट नाही, बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. नऊ वर्षांचा खंड्या, वजन बावीस किलो. दर खेपेस त्यास चादरीत घालून खाली उतरवावयाचे. रिक्षा शीवच्या पुढे जात नसल्यामुळे कुत्रा घेण्यास राजी असलेला टॅक्सीवाला शोधावयाचा, आणि अर्धा दिवस मोडून परत यावयाचे. पहिला क्रम उत्तम पार पडला. गाठी गेल्या, आणि खंड्या पुन्हा संध्याकाळी मैदानात जाऊ लागला. चार महिन्यांनी गाठी परत आल्या. दुसरी औषधे सुरू झाली. आता मुलाचे म्हणणे असे की, आणखी एक औषध उरले आहे, ते देऊन पाहू. त्याची आई म्हणे, "तुम्ही इंजेक्शन देऊन आणता आणि कामावर जाता. रात्री दोन वाजता ओकारी मी पुसते, आणि तो माझ्याकडे बघतो, ते मला पाहवत नाही." वडील दोघांच्या मध्ये गप्प बसत. प्रेम कोणाचे अधिक, असा वाद तेथे नव्हता. प्रत्येकजण एकाच कुत्र्याचे निरनिराळे तास पाहात होता.

अशा वेळी प्रथम एक विवेक करावा. त्रास औषधाचा आहे की रोगाचा? औषधाने येणारी मळमळ व जुलाब बहुधा दोन ते पाच दिवसांत येऊन ओसरतात. रक्तातील पांढऱ्या पेशी आठवड्याच्या सुमारास कमी होतात व पुन्हा भरून येतात. असा त्रास मात्रा कमी करून, औषध बदलून अथवा उलटीवर वेगळे औषध देऊन आवरता येतो. अशा एका वाईट आठवड्यावरून उपचार सोडू नये. परंतु औषधाचे दिवस सरले तरी जनावर उठत नाही, गाठी वाढतच आहेत, श्वास जड झाला आहे, तर तो रोगाचा त्रास. दुसऱ्यांदा उलटलेल्या रोगावर जे औषध लागू पडते त्याने मिळणारा काळ बहुधा पहिल्याहून थोडा असतो, आणि तिसऱ्यांदा त्याहूनही थोडा.

दुसरे असे की, स्मरणावर विसंबू नये. काल शेपटी हलविली होती, एवढ्यावर आपण मागील आठ दिवस विसरतो. भिंतीवरील कालनिर्णयाच्या चौकोनात रोज रात्री एक खूण करावी : बरा दिवस की वाईट. खूण सर्वांनी मिळून करावी. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य विदुषीने २००४ मध्ये यासाठी एक मोजणी प्रसिद्ध केली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांहून बरे दिवस अधिक आहेत काय, अशा सात गोष्टींस प्रत्येकी दहापैकी गुण द्यावयाचे. सत्तरांपैकी बेरीज पस्तिसांहून अधिक असेल तोवर शुश्रूषा चालू ठेवणे योग्य, असा तिचा अभिप्राय आहे. गुणांवर जीव तोलू नये हे खरे. परंतु जे तोंडाने बोलवत नाही ते कागदावर पाहिले म्हणजे घरात बोलता येते.

कन्नमवार नगरातील त्या घरी हेच केले गेले. तीन आठवड्यांच्या एकवीस चौकोनांत बऱ्या दिवसाच्या खुणा पाच निघाल्या. मुलाने तो कागद बराच वेळ हातात धरला, आणि पुढील खेप रद्द केली. एक औषध शिल्लक होते, ते द्यावयास हवे होते, असे त्यास आजही वाटते. तसे वाटण्याचा त्यास अधिकार आहे.

खर्चाची गोष्ट बोलण्याची लाज वाटू देऊ नये. महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये टाटा विश्वस्त निधीने लहान प्राण्यांसाठी मोठे रुग्णालय उघडले आहे, आणि परळास जुने रुग्णालय आहेच. तथापि महिनोन्महिने चालणारा उपचार कोठेही फुकट होत नाही. मुलीची फी अथवा सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलून कुत्र्याचे औषध आणावे, असे कोणताही धर्म सांगत नाही. शिवाय या औषधांचा अंश काही दिवस जनावराच्या मलमूत्रातून येतो. ते हातमोजे घालून काढावे लागते, आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांस त्यापासून दूर ठेवावे लागते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात हे किती दिवस निभेल, हाही विचार निर्णयाचाच भाग होय. आणि जी व्यक्ती रात्री उठते तिचे मत सर्वांत शेवटी नव्हे, सर्वांत आधी विचारावे.

कित्येक सुशिक्षित माणसे या ठिकाणी धर्मराजाचे उदाहरण देतात. स्वर्गाच्या दाराशी त्याने कुत्र्यास टाकले नाही, मग आम्ही उपचार कसे टाकावे? महाप्रस्थानिक पर्वातील ती कथा नीट आठवावी. इंद्र म्हणाला, कुत्र्यास सोड, त्यात क्रौर्य नाही. धर्मराजाने ते मानले नाही, कारण भक्ताचा त्याग हे त्याच्या मते महापाप होते. परंतु तो कुत्रा आपण होऊन मागून चालत आला होता. धर्मराजाने त्यास दोरी बांधून हिमालय चढविला नव्हता. उपचाराचा त्याग म्हणजे भक्ताचा त्याग नव्हे. इंजेक्शन थांबले आणि उशाशी बसणेही थांबले, तर मात्र तो त्याग खरा.

म्हणून थांबणे म्हणजे काय, हेही सांगितले पाहिजे. रसायनोपचार थांबला तरी वेदनाशामक औषध, उलटीवरील औषध, पाणी भरवणे व मऊ भात चालूच राहतात. प्रेडनिसोलोनने काही आठवडे भूक व हुशारी टिकते. ते मात्र वैद्यास विचारल्यावाचून एकाएकी बंद करू नये. आणि हेही पुरेनासे झाले म्हणजे शेवटचे इंजेक्शन देण्याचा प्रश्न येतो. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील एक वासरू असह्य यातनांत तळमळत असता गांधीजींनी, सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून, त्यास इंजेक्शनाने मरण देवविले. अहिंसेच्या त्या उपासकावर त्या वेळी टीकेचा भडिमार झाला. त्यांनी लेख लिहून आपली बाजू मांडली, आणि वासराचे दुःख निवारण करण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता, या मतावर ते ठाम राहिले. आमच्यातील पुष्कळांस हे पटणार नाही, आणि ज्यांस पटत नाही त्यांनी वेदना शमवून नैसर्गिक मरणाची वाट पाहावी, यातही अधर्म नाही. अधर्म आहे तो, 'माझ्याने निर्णय होत नाही' एवढ्यासाठी त्या जिवास तळमळत ठेवण्यात.

खंड्या उपचार थांबल्यावर सव्वा महिना जगला. त्यातील पुष्कळ दिवस त्याने गॅलरीतल्या उन्हात काढले. शेवटी वैद्यास घरी बोलाविण्यात आले.

ज्या वाचकांच्या घरी आज हा प्रश्न उभा असेल त्यांस आमची विनंती एवढीच की, पुढल्या इंजेक्शनाच्या आदल्या रात्री सर्वांनी एकत्र बसावे व वैद्यास विचारावयाचे तीन प्रश्न कागदावर लिहावे. रोग साध्य की याप्य? हा त्रास औषधाचा की रोगाचा? पुढील खेपेने किती बरे दिवस मिळण्याचा संभव आहे? उत्तरे ऐकून जे ठरेल ते सर्वांचे मिळून ठरलेले असावे, आणि त्याबद्दल मागाहून घरात कोणी कोणास बोल लावू नये.