ऑक्टेनचा आकडा आणि वाहनाची गरज

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुका संत्र्यांचे आगर म्हणून सर्वपरिचित आहे. मोर्शी, शेंदूरजनाघाट, पुसला, बेनोडा या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरील मोटारसायकलींची वर्दळ पाहिली, म्हणजे ग्रामीण जीवनात पेट्रोलला केवढे स्थान प्राप्त झाले आहे याची कल्पना येते. बागेत जाणारे बागाईतदार, शाळेत जाणारे शिक्षक, गावोगाव फिरणारे ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य या सर्वांच्या मासिक खर्चात इंधनाचा वाटा मोठा असतो. साध्या पेट्रोलच्या जोडीला अधिक ऑक्टेनचे आणि अर्थातच अधिक दराचे पेट्रोल आता अनेक पंपांवर मिळते. डिसेंबर २०२० मध्ये तर मुंबई-पुण्यासह देशातील १० शहरांत १०० ऑक्टेनचे पेट्रोल विक्रीस आले. महाग पेट्रोल भरल्यास गाडी जोमाने धावते, सरासरी वाढते आणि इंजिनाचे आयुष्यही वाढते, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज कितपत खरा आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ऑक्टेन म्हणजे काय?

पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते, पिस्टन ते दाबतो आणि योग्य क्षणी प्लगची ठिणगी पडून ते पेट घेते. दाबामुळे मिश्रण तापते. ते प्रमाणाबाहेर तापल्यास, ठिणगीपासून निघालेली ज्योत सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच त्याचा उरलेला भाग आपोआप भडकतो. झोका मागे येत असतानाच त्याला पुढे लोटावे, तसा हा प्रकार होय. शक्ती वाया जाते, इंजिनातून ठकठक असा आवाज येतो आणि दीर्घकाळ दुर्लक्ष केल्यास पिस्टनला इजा पोहोचते. यालाच इंजिनाचे 'नॉकिंग' म्हणतात.

अवेळी भडकण्यास पेट्रोल किती विरोध करते, याचे माप म्हणजे ऑक्टेन अंक. हे माप १९२७ च्या सुमारास अमेरिकेत निश्चित झाले. सहज न भडकणाऱ्या आयसो-ऑक्टेन या द्रव्यास १०० आणि चटकन भडकणाऱ्या हेप्टेनला शून्य अंक देण्यात आला. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे चाचणीच्या इंजिनात ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागणारे पेट्रोल.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ऑक्टेन हे इंधनाच्या शक्तीचे माप नसून त्याच्या संयमाचे माप आहे. इथेनॉलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास आहे. परंतु एक लिटर इथेनॉलमधून मिळणारी उष्णता एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते.

कोणत्या वाहनास लाभ?

इंजिन मिश्रणास किती पटींनी दाबते, यावर ऑक्टेनची गरज अवलंबून असते. नित्य वापरातील १०० ते १२५ घनसेंटिमीटर क्षमतेच्या मोटारसायकलींत हे प्रमाण सर्वसाधारणपणे ९ ते १० पट असते. अशा गाड्या साध्या पेट्रोलवर चालाव्यात या बेतानेच त्यांची रचना केलेली असते. त्यांत अधिक ऑक्टेनचे पेट्रोल भरले, तरी जो धोका मुळात नव्हता त्यापासून संरक्षण मिळविण्यासाठीच पैसे खर्च होतात.

याउलट, १२ पट किंवा त्याहून अधिक दाब देणाऱ्या वेगवान मोटारसायकली आणि टर्बोचार्जर असलेल्या काही मोटारी यांची गोष्ट वेगळी आहे. अनेक आधुनिक मोटारींत नॉकिंग ओळखणारे यंत्र असते. कमी ऑक्टेनचे इंधन मिळाल्यास ते ठिणगीची वेळ मागे नेते. इंजिन वाचते, परंतु शक्ती काहीशी घटते. अशा वाहनांच्या पुस्तिकेत ९५ किंवा त्याहून अधिक ऑक्टेन सांगितले असल्यास ते वापरणे हिताचे ठरते. १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनच्या इंधनाचा मोठा उपयोग झाला, तोही त्यांच्या इंजिनांतील दाब वाढविता आला म्हणून. इंजिन तेच आणि तसेच ठेवून केवळ इंधन बदलल्याने असा लाभ होत नाही.

अमेरिकेतील मोटारचालकांच्या 'एएए' या संघटनेने २०१६ मध्ये घेतलेल्या चाचण्यांचा निष्कर्षही हाच होता. साध्या पेट्रोलसाठी बनविलेल्या मोटारींना महाग पेट्रोलचा कोणताही विशेष लाभ झाला नाही.

इथेनॉलमुळे झालेला बदल

पूर्वी ऑक्टेन वाढविण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जाई. आरोग्यास घातक ठरल्याने भारतात ते २००० साली पूर्णतः बंद झाले. आज ऑक्टेन वाढविण्याच्या कामी इथेनॉलचाही मोठा हातभार लागतो. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ९५ पर्यंत गेला आहे. पूर्वी तो ९१ होता. म्हणून केवळ '९५' हा आकडा पाहून जादा दर देण्यापूर्वी ग्राहकाने विचार करावा. महाग पेट्रोलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये असतात, हे खरे. परंतु ऑक्टेन आणि स्वच्छता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

इथेनॉलयुक्त पेट्रोलमुळे जुन्या गाडीची सरासरी काहीशी घटते, अशी तक्रार ऐकू येते. तीत तथ्य आहे. मात्र ही घट इंधनातील उष्णता कमी झाल्यामुळे होते. ऑक्टेनचा अंक वाढवून ती भरून निघत नाही.

खर्चाचा हिशेब

समजा, महाग पेट्रोलसाठी लिटरमागे ७ रुपये अधिक पडतात आणि एखाद्या शिक्षकास महिन्याला २० लिटर पेट्रोल लागते. महिन्याचा जादा खर्च १४० रुपये, तर वर्षाचा १,६८० रुपये होतो. याच रकमेत इंजिन ऑइल वेळेवर बदलणे, हवेची जाळी व प्लग स्वच्छ करणे किंवा बदलणे यांतील बरेचसे काम होऊ शकते. चाकांत योग्य हवा ठेवण्यास तर जवळजवळ काहीच खर्च येत नाही. सरासरी वाढविण्याचे हे खात्रीचे मार्ग आहेत.

इंजिन ठोकू लागल्यास

नीट चालणारी गाडी एकाएकी ठोकू लागली, तर प्रथम कारण शोधावे. वऱ्हाडातील कडक उन्हाळा, दोन माणसे आणि संत्र्याचे क्रेट असा भार व त्यात उंच गिअर, अशा स्थितीत कोणतेही इंजिन कण्हू लागते. अशा वेळी गिअर उतरवावा. सिलिंडरमध्ये काजळी साचली असल्यास ती काढून घ्यावी. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ झाल्यासही ऑक्टेन घसरते. तसा संशय आल्यास पंपावर फिल्टर पेपरची चाचणी व घनतेची तपासणी मागण्याचा ग्राहकास अधिकार आहे. शुद्ध पेट्रोलचा थेंब कागदावर डाग न ठेवता उडून जातो. या उपायांनंतरही आवाज राहिल्यास कारागिराचा सल्ला घ्यावा.

वाहनासोबत मिळालेल्या पुस्तिकेत आवश्यक ऑक्टेन अंक छापलेला असतो; कित्येकदा तो टाकीच्या झाकणाजवळही लिहिलेला असतो. तो पाहून तेवढेच इंधन भरावे. ग्रामसभेत अथवा शाळेच्या विज्ञान-वर्गात एवढी साधी माहिती सांगितली गेली, तरी कष्टाने मिळविलेला कितीतरी पैसा अनाठायी खर्च होण्यापासून वाचेल.