पडद्यावरचा जवान आणि खरा जवान

प्रजासत्ताक दिन जवळ आला की टीव्हीवर एखादा युद्धपट हमखास लागतो. १९९७ सालचा ‘बॉर्डर’ तर आपल्यापैकी अनेकांच्या घरी दोन-तीनदा पाहून झाला असेल. राजस्थानातील लोंगेवाला चौकीवर डिसेंबर १९७१ मध्ये झालेल्या लढाईवर तो बेतलेला आहे. त्यात सुनील शेट्टी यांनी रंगविलेले भैरोसिंग लढता लढता धारातीर्थी पडतात. प्रत्यक्षात सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड त्या लढाईतून जिवंत परतले. त्यांना सेना पदक मिळाले आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूर येथे त्यांचे निधन झाले. म्हणजे पडद्यावर हुतात्मा झाल्यानंतरही हा गृहस्थ पंचवीस वर्षे हयात होता!

असे का होते? चौकीवर सुमारे १२० जवान होते; अडीच-तीन तासांत पाच-सहा चेहरेच लक्षात राहतात. त्यामुळे अनेकांची कामगिरी एकाच्या नावावर जाते. शिवाय प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणायला मरणाचा प्रसंग हुकमी. काल्पनिक पात्राच्या बाबतीत हे चालून जाईल, पण खरे नाव घेतले तर निदान जीवन-मरण तरी खरे दाखवावे, असे आम्हाला वाटते.

आता आपल्या मराठी मुलखातील उदाहरण पाहू. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर सैन्यात ‘ईएमई’ म्हणजे यंत्रसामग्रीची दुरुस्ती पाहणाऱ्या विभागात जवान होते, चांगले मुष्टियोद्धेही होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे जायबंदी झाले. उपचार म्हणून पोहणे सुरू केले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. तरीही पुढे कित्येक वर्षे त्यांचे नाव फारसे कुणाच्या कानी नव्हते. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. जून २०२४ मध्ये कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ आला. कार्तिक आर्यनने पेटकरांची भूमिका केली. त्यातही पदरचे प्रसंग आहेतच, पण नायकाचे नाव, जखम आणि पदक खरे आहे. शाळकरी मुलांनाही पेटकर कोण हे कळले. जानेवारी २०२५ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, त्यांना जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार देण्यात आला. पदकानंतर तब्बल बावन्न वर्षांनी!

मात्र सगळेच शौर्य कॅमेऱ्याला मानवत नाही. आपल्याच कर्नाटकातील, कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर रणगाड्यांना वाट करून द्यायची होती. मांडीला जखम झालेली असताना त्यांनी शत्रूच्या माऱ्यात ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस सुरुंग काढले, रस्त्यातील झाडे व अडथळे दूर केले. या कामगिरीबद्दल त्यांना परमवीरचक्र मिळाले. चार दिवसांच्या या कामात आरोळ्या नाहीत, समोरासमोरची झुंज नाही; मात्र त्या वाटेनेच रणगाडे पुढे सरकले.