मूल जेवत नाही? आधी पासबुक पाहा

सुट्टीत नातवंडे गुंजीला आली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, ‘पोरगं काही खातच नाही.’ आमच्याकडेही तेच होते. अडीच वर्षांच्या नातवाला आम्ही दोघे मोबाईल दाखवून, मागे धावून घास भरवत होतो. एकदा रडता रडता त्याला जोराचा ठसका लागला. घास बाहेर पडला म्हणून निभावले. त्या दिवसापासून आम्ही पद्धत बदलली.

पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवेळेच्या सुमारे तिप्पट होते; दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढते. वाढ मंदावली की भूकही कमी होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रोजचा हिशेब जुळवत बसू नये, आठवड्याचा ताळा पाहावा. खरे पासबुक म्हणजे अंगणवाडीतला वाढीचा तक्ता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे ही सोय गावोगावी आली. वजनाची रेषा नीट वर जात असेल तर घाबरू नये.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची सोपी वाटणी सांगितली आहे. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाने.

आम्हाला उपयोगी पडलेल्या गोष्टी:

• जेवण सर्वांसोबत, पाटावर बसून. मोबाईल बंद. अर्ध्या तासात ताट उचलायचे, रागवायचे नाही.
• दोन जेवणांच्या मध्ये बिस्किटे नाहीत. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. जास्त दुधाने भूक मरते आणि अंगात लोह कमी पडते.
• नवी भाजी चमचाभरच. नाकारली तरी दहा-पंधरा वेळा पुन्हा समोर ठेवायची.
• नुसत्या पेजेवर भागवू नये. मऊ भातात डाळ, तूप, कुसकरलेले अंडे किंवा पालेभाजी घालावी. नाचणीची आंबीलही चांगली.
• अख्खे शेंगदाणे, काजू, फुटाणे पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत. कूट करून द्यावे.

वजन घटणे, दर घासाला ठसका, वारंवार उलटी, फिकटपणा किंवा माती खाणे दिसले तर मात्र घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

आता नातू कधी अर्धी भाकरी खातो, कधी दोनच घास. पण ताट पाहून रडत नाही. आम्हाला तेवढे पुरे आहे.