ड्राइसडेल करंडकाचे मानकरी

स्क्वॉश म्हटले की मराठी घरात अजूनही डोळ्यांपुढे प्रथम येते ती संत्र्याच्या सरबताची बाटली. माझी भाची स्क्वॉशसाठी विलायतेला जायचे म्हणते, असे बहिणीने पुण्याहून कळविले, तेव्हा आमच्या मातोश्रींनी अगदी निरागसपणे विचारले, "का गं, इथं मिळत नाही का?" मी हसलो खरा, पण या खेळाविषयी माझे ज्ञान आईच्या ज्ञानाहून फार तर बोटभर अधिक होते.

पेच गंभीर होता. मुलगी यंदा दहावीत. स्पर्धा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे शाळेची पूर्वपरीक्षा नेमकी उंबरठ्यावर. त्यातून विमानाचे भाडे, थंडीचे कपडे, आईपैकी किंवा वडिलांपैकी एकाची रजा. आमचे मेव्हणे बँकेत आहेत, हिशेबाला पक्के. त्यांनी मला एकच प्रश्न टाकला: "तुम्ही प्राध्यापक मंडळी पुस्तकं उकरता ना? मग एवढं शोधून द्या. ती स्पर्धा जिंकलेल्या पोरांचं पुढं काय झालं?" मराठीच्या अध्यापकावर हे काम यावे हा दैवदुर्विलास खरा, पण मेव्हण्यांना नाही म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

आधी खेळ. साधारण दोनशे वर्षांपूर्वी लंडनजवळच्या हॅरो शाळेत 'रॅकेट्स' नावाचा खेळ चाले. त्यातला चेंडू फुटला, की भिंतीवर आपटून चेपला जाई आणि मंद उसळे. पोरांना तोच जास्त आवडला, अशी कथा सांगतात. स्क्वॉश हे नाव त्या चेपण्यावरून आले. कोर्ट 32 फूट लांब आणि 21 फूट रुंद. आपल्याकडची दोन-तीन खोल्यांची बिऱ्हाडे एवढ्याच जागेत नांदतात. टेनिसमध्ये प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे असतो. इथे दोघेही समोरच्या भिंतीकडे तोंड करून एकाच खोलीत धावतात, एकमेकांच्या घामाचा वास घेत. चेंडू लहानशा लिंबाएवढा, वजन 24 ग्रॅम. गार असताना जमिनीवर टाकला तर बटाट्यासारखा पडून राहतो. त्याला बडवून बडवून ऊब आणावी लागते, मग तो खेळायला राजी होतो.

आता स्पर्धा. ब्रिटिश ज्युनिअर ओपन असे तिचे आजचे नाव. अकरा वर्षांखालच्या चिमुरड्यांपासून एकोणीस वर्षांखालच्या तरुणांपर्यंत तिचे गट असतात. पूर्वी ती शेफील्डला भरे, अलीकडे बर्मिंगहॅमला. एकोणीस वर्षांखालील मुलांचा ड्राइसडेल करंडक मात्र 1926 सालापासूनचा. कुमारांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा वेगळी. पण ती सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून हा करंडक जिंकणारा पोरगा जगात पहिला मानला जाई.

2004 साली कोलकत्त्याचा सौरव घोषाल शेफील्डला अंतिम सामन्यात इजिप्तच्या अदनान एल्-साकरीला हरवून जिंकला, तेव्हा 'असा मान मिळविणारा पहिला भारतीय' असा डंका वाजला. तो खेळाडू मोठाच, त्याबद्दल वाद नाही. पण याच करंडकाच्या जुन्या यादीत 1965 या सालापुढे मुंबईच्या अनिल नायरचे नाव आहे! एकोणचाळीस वर्षांत आपण आपला विजेता विसरून गेलो. क्रिकेटमधील एखाद्याची अठ्ठावीस धावांची खेळीही आपल्याला तोंडपाठ असते. मग हा कसा विसरला? मला याचे कारण एकच दिसते. त्या काळात मुंबईत स्क्वॉश पाहायचा तर जिमखान्याच्या आत शिरावे लागे, आणि आत शिरण्यासाठी सभासदत्व लागे. ज्या खेळाला प्रेक्षकच नाहीत, त्याची आठवण कोण ठेवणार?

त्या बंद दारांमागे मुंबईने काय काय पाहिले आहे! व्यावसायिक खेळाडूंची अखिल भारतीय स्पर्धा 1944 साली मुंबईत झाली. पेशावरच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या क्लबात चेंडू उचलणाऱ्या पोरापासून शिक्षक झालेला हाशिम खान तिथे मुंबईच्या अब्दुल बारीला हरवून जिंकला. पुढे फाळणी झाली. 1950 साली बारी विलायतेला जाऊन ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि इजिप्तच्या महमूद करीमकडून हरला. ज्याला आपण हरविले तो तिथवर जातो, तर आपण का नाही, असे हाशिमला वाटल्यास नवल नाही. 1951 साली पाकिस्तानने त्याला पाठविले. पस्तिशीच्या आसपासचा हा गडी करीमला 9-5, 9-0, 9-0 असे लोळवून आला, आणि खान घराण्याचे युग सुरू झाले.

अनिल नायरकडे वळतो, कारण मेव्हण्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच्यापाशी आहे. करंडक जिंकला त्याच वर्षी तो अमेरिकेला हार्वर्ड विद्यापीठात शिकायला गेला. तिथे स्क्वॉश होता, पण निराळा! कोर्ट साडेअठरा फूटच रुंद आणि चेंडू कडक. भिंतीवरून असा सुसाट येई की, आपल्या मऊ चेंडूची सवय झालेला माणूस भांबावून जावा. जगात पहिला ठरलेल्या पोराने पुन्हा श्रीगणेशा गिरवायचा! त्याने तो गिरविला. 1967 ते 1969 अशी लागोपाठ तीन वर्षे तो तिथल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत अजिंक्य ठरला, आणि 1969 व 1970 साली अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता. शिक्षणही झाले आणि खेळही झाला. मेव्हण्यांना हे कळविले, तेव्हा ते फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हार्वर्डचं भाडं कुणी दिलं?" बँकेतला माणूस!

घोषालच्या काळापर्यंत निदान एक गोष्ट बदलली होती. चेन्नईला स्क्वॉशची प्रबोधिनी उभी राहिली होती. मेजर मणियम आणि सायरस पोंचा यांच्या हाताखाली देशभरची मुले तिथे घडू लागली. सौरव घर सोडून तिथे गेला, पुढे इंग्लंडमध्ये लीड्सला शिकला, आणि 2019 साली जगातील पहिल्या दहांत गेलेला पहिला भारतीय पुरुष ठरला. करंडकापासून तिथवर पंधरा वर्षे लागली, हे मी भाचीला मुद्दाम सांगितले.

चेन्नईचीच ज्योश्ना चिनप्पा 2003 साली सतरा वर्षांखालील गटात जिंकली आणि 2005 साली एकोणीस वर्षांखालील गटात. भुवनेश्वरी कुमारींनी 1977 पासून ओळीने सोळा राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली होती. तो विक्रम तिने 2019 साली मोडला.

दिल्लीची अनाहत सिंग हा या यादीतला सर्वांत ताजा अध्याय. थोरल्या बहिणीच्या मागोमाग कोर्टावर गेलेली ही मुलगी 2019 साली अकरा वर्षांखालील गटात जिंकली, 2023 साली पंधरा आणि 2025 साली सतरा वर्षांखालील गटात. या शेवटच्या सामन्याचे आकडे मी वहीत उतरवून घेतले आहेत: 4-11, 11-9, 6-11, 11-5, 11-3. समोर इजिप्तची मलिका. तीन डावांनंतर आपली मुलगी एक-दोनने मागे. नंतरच्या दोन डावांत मिळून तिने प्रतिस्पर्धिनीला आठ गुण दिले. ती मागे असताना आईवडिलांची काय अवस्था झाली असेल, हे ज्याने मुलाच्या निकालाची वाट पाहिली आहे त्याला सांगायला नको.

बर्मिंगहॅमला न जिंकताही पोर मोठी होऊ शकतात का, हे भाचीच्या आईने विचारले. जिंकणारा दर गटात एकच. बाकीच्यांचे आयुष्य काय तिथेच संपते? उलट, मोठेपण दर वेळी जिंकण्यातही नसते. आपल्या मुंबईचा महेश माणगावकर आशियाई स्पर्धेत 2014 साली सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होता आणि 2023 साली हांगचौला सुवर्ण मिळविणाऱ्या संघातही. हांगचौच्या अंतिम फेरीत पाकिस्तानविरुद्ध त्याचा स्वतःचा सामना तो हरला होता. सौरव आणि अभय सिंग जिंकले, आणि पदक सर्वांच्या गळ्यात पडले.

शिवाय आता ऑलिंपिकही आहे. 2028 साली लॉस एंजेलिसला स्क्वॉश प्रथमच खेळला जाणार, हा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये झाला, आणि तो झाला कुठे, तर मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात! अब्दुल बारीच्या गावात.

डिसेंबर 2025 मध्ये चेन्नईला भारताने हाँगकाँगला 3-0 असे हरवून स्क्वॉशचा विश्वचषक प्रथमच जिंकला. त्या संघात 2005 सालची विजेती ज्योश्ना एकोणचाळीस वर्षांची होती, आणि 2025 सालची विजेती अनाहत सतरा वर्षांची.

एवढे सारे कळविल्यावर मेव्हण्यांनी तूर्त पारपत्राचा अर्ज आणून ठेवला आहे. भरलेला नाही. त्याच्यावर भूमितीचे पुस्तक ठेवलेले असते, असे बहीण सांगते.