‘छोटी’ गुंतागुंत म्हणजे नक्की किती छोटी?

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्या दीड वर्षाच्या मुलीला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही आणि डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट सुचवलंय. तिचा प्रश्न सरळ होता. "तू यातच पीएचडी करतोयस ना? मग सांग, या ऑपरेशनमध्ये शंभरातल्या किती जणांना त्रास होतो?" मी म्हटलं, "ताई, दोन मिनिटांत बघून सांगतो." ते दोन मिनिटांत जमलं नाही. का जमलं नाही, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी ऑपरेशनविषयी थोडक्यात. कानामागच्या हाडापाशी यंत्राचा आतला भाग बसवतात आणि त्याची बारीक तार कॉक्लिआत, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात सरकवतात. तारेवरचे इलेक्ट्रोड श्रवणाच्या नसेला थेट विद्युत संकेत देतात. हे ऑपरेशन सुरक्षित मानलं जातं. तरी जखमेत जंतुसंसर्ग, रक्त साकळणं, चक्कर, तोंडाची चव बदलणं, चेहऱ्याच्या नसेला इजा, तार आत दुमडणं किंवा काही वर्षांनी यंत्रच बंद पडणं, असं काहीही होऊ शकतं. या सगळ्याला वैद्यकीय भाषेत गुंतागुंत म्हणतात.

ती मोजायची जुनी पद्धत म्हणजे ‘मेजर’ आणि ‘मायनर’. पुन्हा ऑपरेशन करावं लागलं किंवा दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर मेजर, किरकोळ उपचारांनी बरं झालं तर मायनर. ऐकायला सोपं आहे, पण प्रत्येक जण मधली रेघ वेगळ्या ठिकाणी ओढतो. समजा, टाक्यांखाली रक्त साकळलं आणि ते सुईने काढलं. एक जण त्याला मायनर म्हणेल, दुसरा मेजर म्हणेल, तिसरा ‘हे तर चालायचंच’ म्हणून मोजणारच नाही. मग तिघांच्या टक्केवारीची तुलना कशी करायची?

सर्जरीच्या इतर शाखांत यावर एक तोडगा निघाला. डिंडो, डेमार्टिन आणि क्लॅव्हियन यांनी २००४ मध्ये मांडलेली वर्गवारी आज जगभर वापरतात. तिचं सूत्र असं : गुंतागुंत किती वाईट वाटते ते विचारू नका, ती निस्तरायला काय करावं लागलं ते विचारा. वेदनाशामकासारख्या साध्या औषधांवर भागलं तर ग्रेड १. अँटिबायोटिकसारखं वेगळं औषध लागलं तर २. पुन्हा शस्त्रक्रिया किंवा तशी प्रक्रिया करावी लागली तर ३. त्यातही पूर्ण भूल न देता केली तर ३-ए, देऊन केली तर ३-बी. जिवावर बेतून आयसीयूची गरज पडली तर ४. मृत्यू झाला तर ५.

पण ही मोजपट्टी कानाला जशीच्या तशी लावली की गंमत होते. यंत्र बंद पडलं, पूर्ण भूल देऊन नवीन बसवलं : ग्रेड ३-बी. मूल बहुधा पुन्हा ऐकू लागतं. आता दुसरं मूल घ्या. चेहऱ्याची नस दुखावली, स्टिरॉइड दिली : फक्त ग्रेड २. पण चेहरा वाकडाच राहिला तर? त्यासाठी ग्रेडपुढे ‘डी’ हे अक्षर जोडायची सोय आहे. डी म्हणजे कायम राहू शकणारं अपंगत्व. ते अक्षर लिहायचं राहिलं, तर कागदावर हे मूल पहिल्यापेक्षा ‘बरं’ दिसतं. म्हणून ग्रेडसोबत नेमकं काय झालं आणि पुढे काय उरलं, हेही लिहायला हवं.

दुसरा मुद्दा नोंदीचा. २००२ मध्ये इम्प्लांट केलेल्या मुलांत मेंदूज्वराच्या केसेस लक्षात आल्या. मग अमेरिकेत १९९७ ते २००२ दरम्यान इम्प्लांट झालेल्या ४,२६४ लहान मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी २६ मुलांना जिवाणूजन्य मेंदूज्वर झाला होता. तार आत दाबून ठेवणारा ‘पोझिशनर’ नावाचा छोटा तुकडा ज्यांना बसवला होता, त्यांच्यात धोका जास्त आढळला. तो तुकडा २००२ मध्येच बाजारातून काढून घेण्यात आला होता. आता हिशोब करा. हजारात साधारण सहा मुलं. पन्नास मुलांवर ऑपरेशन केलेल्या केंद्राला बहुधा एकही केस दिसली नसती, आणि त्यांनी प्रामाणिकपणे ‘शून्य टक्के’ लिहिलं असतं. सगळ्यांच्या नोंदी एकत्र आल्या तेव्हाच चित्र दिसलं.

आपल्याकडेही विचार करा. लातूरच्या मुलाचं ऑपरेशन पुण्यात झालं आणि दोन वर्षांनी जखम चिघळल्यावर उपचार गावातच झाले, तर पुण्याच्या वहीत ते कसं येणार?

शेवटी मी ताईला आकडा दिला नाही, डॉक्टरांना विचारायला तीन प्रश्न दिले. तुम्ही गुंतागुंतीत काय काय मोजता? किती मुलांपैकी? आणि ऑपरेशननंतर किती वर्षं मुलांची खबर ठेवता? चौथी गोष्ट प्रश्न नव्हे, आठवण होती : न्यूमोकोकसची लस ऑपरेशनआधी पूर्ण झालीय ना, ते बघ.

परवा तिचा मेसेज आला. डॉक्टरांनी तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली. तिसऱ्याला जरा वेळ घेतला, वही मागवली आणि मग सांगितलं. ऑपरेशनची तारीख ठरलीय.