लाहीचा मका, गोडाचा मका
पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजलेलं कणीस आणि सिनेमागृहातल्या लाह्या, दोन्ही मकाच. पण भाजायच्या कणसाचे दाणे वाळवून कढईत टाकून बघा. एखाददुसरा कसाबसा उमलेल, बाकीचे करपतील. लाही फुटायला जातच वेगळी लागते.

लाहीच्या मक्याचा दाणा लहान आणि काचेसारखा कडक. साल जाड, अखंड आणि आत साधारण 14 टक्के ओलावा. दाणा तापला की या पाण्याची वाफ होऊ पाहते, पण सालीतून तिला वाट मिळत नाही. आत दाब चढत जातो, पिष्ट शिजून मऊ पडतं. तापमान 180 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की साल फाटते, दाब एकदम सुटतो आणि पिष्ट फुगून तसंच थिजतं. आपण खातो तो पांढरा भाग हाच. सालीला बारीकशी चीर असली तरी वाफ निसटते आणि दाण्याचा गणंग होतो. बरणी उघडी राहून दाणे फार सुकले तरी तेच.

शेतात सगळ्यात जास्त दिसतो तो मात्र धान्याचा मका. त्यातल्या काही वाणांच्या दाण्याच्या माथ्यावर खळगा असतो, कारण मधलं मऊ पिष्ट सुकताना आक्रसतं, कडेचं कडक पिष्ट आक्रसत नाही. आपल्याकडे हा मका ताटापेक्षा कोंबड्यांच्या खाद्यात अधिक जातो. शिवाय स्टार्चचे कारखाने आहेतच आणि आता इथेनॉलही.

मक्याचं मूळ घर मेक्सिको. तिथे सुमारे 9,000 वर्षांपूर्वी टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून तो घडला. तिथली माणसं दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. चुन्यामुळे साल सुटते, शिवाय मक्यात अडकून बसलेलं नायसिन शरीराला मिळतं. युरोपने मका उचलला, चुना मागेच ठेवला. मग मक्यावरच पोट भरणाऱ्या गरिबांना नायसिनअभावी पेलाग्रा जडला. कातडी सोलवटणारा, डोक्यावर परिणाम करणारा हा रोग इटलीच्या उत्तरेत फार पसरला होता. पीक नेताना रांधण्याची रीतही न्यावी लागते, हे कुणाच्या ध्यानीच आलं नाही.

बेबी कॉर्न ही निराळी जात असायलाच हवी असं नाही. कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्याच्या जागी पोचलेला असतो. त्यातून पराग आत उतरला तरच दाणा धरतो. परागण व्हायच्या आत कोवळं कणीस खुडलं की झालं बेबी कॉर्न.

राहिला गोड मका. साखरेचं पिष्ट करणाऱ्या एका जनुकात बिघाड आहे, म्हणून तो गोड. पिष्ट कमी, त्यामुळे वाळल्यावर दाणा सुरकुततो. यात आणखी गोड वाण आले ते दुसऱ्याच एका जनुकातल्या बिघाडामुळे. इलिनॉय विद्यापीठाच्या जॉन लॉनन यांनी 1950च्या दशकात त्याचा उपयोग दाखवून दिला. जुन्या वाणांत खुडल्यापासूनच साखर झपाट्याने घटते. नव्यांत ती जास्त टिकते, पण कायमची नाही. तेव्हा गोड मका पानांसकट घ्या, घरी आल्याबरोबर फ्रिजमध्ये टाका आणि शक्यतो त्याच दिवशी उकडा. सोलून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून किती दिवस पडून आहे कळत नाही असं कणीस घेऊच नका.